मृगाच्या आत कोरफडीची पानं उतरवून घ्या

रोहिण्या सरत आल्या. गॅलरीत, गच्चीवर किंवा गोराई-उत्तनच्या वाडीत बांधाला ज्यांची कोरफड आहे, त्यांनी खालची जाड पानं पाऊस धरायच्या आत काढावीत. पावसात पान पाणी पिऊन टरारतं, पण गर पातळ निघतो आणि कापल्या जागी ओल शिरून कूज धरते.

वर्षभराच्या रोपालाच हात लावा. बाहेरची दोन-तीन पानं बुडातून काढा, मधल्या कोंबाला धक्का नको. मग पान कापलेल्या बाजूने वाटीत १०-१५ मिनिटं उभं करून ठेवा. पिवळा, कडू चीक निथळू द्या. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

हा चीक सालीच्या लगत असतो. त्यातलं अ‍ॅलोइन हे जोरकस रेचक. चीक आटवून केलेला काळा बोळ काष्टौषधीच्या दुकानात मिळतो तो याचमुळे. पोटात मुरडा, जुलाब, सतत घेतल्यास शरीरातलं पोटॅशियम कमी होणं, हे सगळं त्याच्याच खाती. अमेरिकेत असली रेचकं २००२ साली विनाचिठ्ठी विक्रीतून बाद झाली. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी चीक पोटात घेऊच नये. घरात मांजर-कुत्रं असेल तर कापलेल्या साली त्यांच्या तोंडी लागू देऊ नका.

आतला पारदर्शक गर ही वेगळीच चीज. त्यात ९८-९९ टक्के पाणीच, उरलेल्यात अ‍ॅसिमॅनन नावाची लांब साखळीची शर्करा. बुळबुळीतपणा बराचसा तिचाच, आणि त्वचेवर ओलावा धरून ठेवते तीही तीच. किरकोळ भाजलं, उन्हाने कातडी रापली, तर गराने बरं वाटतं. खोल भाजल्यावर मात्र दवाखानाच. आधी मनगटाच्या आत थोडा लावून खाज येते का पाहा. रोज सकाळी रस पिण्याची टूम मला फारशी पटत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, साखर जास्त उतरू शकते.

आता झाडाचं. दारावर उलटी टांगलेली कोरफड मातीवाचून महिनोन् महिने हिरवी राहते, हे आपण चाळीत पाहिलेलं आहे. ती दिवसा पानांची छिद्रं मिटते, रात्री उघडते, म्हणून पाणी जपून राहतं. अशा झाडाला मुंबईचा आषाढ झेपत नाही. कुंडी वळचणीखाली घ्या. लाल मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा हवा. चार महिने पाणी जवळजवळ बंद. कुंडीखालची ताटली काढूनच टाका: मुळं कुजतात, शिवाय डासांच्या अळ्या होतात आणि पालिकेची माणसं तपासायला येतात ती वेगळीच. वाडीत लागवड असेल तर गादीवाफे उंच करून चर मोकळे करा.

बुंधा मऊ लागला तर रोप उपटा, कुजका भाग निरोगी गरापर्यंत कापा, चार-पाच दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत लावा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण; स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

पिल्लं आत्ता वेगळी करू नका, गणपती गेल्यावर करा. नवरात्रानंतर ऊन तापतं तेव्हा कुंडी एकदम उन्हात ठेवली तर पानं तांबूस पडतात. आधी आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या.