कन्सोल तापून बंद पडतोय? टॉवेल बाजूला ठेवा, स्क्रू-ड्रायव्हर काढा

गेमिंग कन्सोल तापून बंद पडायला लागला की ओळखीपाळखीतून हमखास येणारा सल्ला म्हणजे, "टॉवेलात गुंडाळ आणि वीस मिनिटं चालू ठेव." एक्सबॉक्स ३६०च्या काळात हा उपाय जगभर पसरला आणि अजूनही कुणी ना कुणी तो जुन्या प्लेस्टेशन-३वर (पीएस-३) करून बघतंच. तापून आजारी पडलेल्या यंत्राला आणखी तापवायचं, असा हा उलटा कारभार. तो लागू पडल्यासारखा का वाटतो आणि टिकत का नाही, ते पुढे सांगतो. आधी खरंच उपयोगी पडणारी कामं उरकून घेऊ. त्यातली बरीचशी फुकट आहेत.

आधी प्लग काढा, मग लक्षण ओळखा

बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा आणि तासभर पंख्याखाली मोकळ्यावर राहू द्या. लवकर गार व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवणारे महाभाग आहेत. मुंबईच्या हवेत फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसंच ते कन्सोलच्या बोर्डावर सुटेल. मग उष्णता परवडली म्हणायची वेळ येईल.

आता एकच प्रश्न: तो किती वेळाने बंद पडतो? जड गेम लावल्यावर पंखा मोठ्याने ओरडायला लागतो आणि वीस-तीस मिनिटांनी बंद पडतो, असं असेल तर गरम हवा बाहेर जात नाहीये. हे घरी दुरुस्त होऊ शकतं. पण सकाळी अगदी थंड असताना चालू केला आणि काही सेकंदांत लाल दिवा लागला, तर दोष धुळीचा नाही. वीजपुरवठ्यात किंवा चिपमध्ये आहे. तिथे साफसफाईने फार काही हाती लागणार नाही.

दिवेही बोलतात. जुन्या, जाड एक्सबॉक्स ३६०च्या गोल बटणाभोवती चार तुकड्यांचं कडं असतं. डावीकडचे दोन तुकडे लाल झाले तर मशीन नुसतं तापलंय. तीन लाल म्हणजे हार्डवेअरचा बिघाड, तोच तो कुप्रसिद्ध लाल फेरा. चारही लाल दिसले तर घाबरू नका, टीव्हीची केबल नीट बसलेली नाही. पीएस-३मध्ये पिवळा दिवा क्षणभर दिसून मग लाल लुकलुकायला लागला तर प्रकरण गंभीर आहे. पीएस-४ बिचारा सरळ स्क्रीनवरच सांगतो की मी फार गरम झालोय, मला बंद करा.

३६०वर तीन लाल असतील तर आणखी एक गंमत करता येते. कंट्रोलर जोडायचं सिंकचं छोटं बटण दाबून धरा आणि डिस्क बाहेर काढायचं बटण एकेकदा दाबत जा. दर वेळी कडं एक आकडा दाखवतं: एक दिवा म्हणजे १, दोन म्हणजे २, तीन म्हणजे ३ आणि चारही म्हणजे ०. चार वेळा दाबलं की चार आकडी कोड मिळतो. ०१०२ आला तर बहुतेक वेळा ग्राफिक्स चिपची जोडणी सुटत चाललेली असते. कोड कागदावर लिहून ठेवा, दुकानात गेल्यावर उपयोगी पडेल.

जागा बदला

आपल्याकडच्या वन बीएचकेमध्ये कन्सोलची जागा ठरलेली: टीव्ही युनिटचा काचेच्या दाराचा कप्पा. खाली सेट-टॉप बॉक्स, वर वायफायचा राउटर आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून आजीने घातलेला भरतकामाचा रुमाल. पीएस-४ आणि पीएस-५साठी कंपनीने सांगितलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये आपली खोलीच तेवढ्याच्या आसपास जाते, त्या बंद कप्प्याचं तर विचारूच नका.

कन्सोल बाहेर काढा. भिंतीपासून निदान दहा सेंटीमीटर लांब, कडक पृष्ठभागावर ठेवा. गादीवर, गालिच्यावर नको. अंगावर काहीही ठेवू नका. रुमालाबद्दल आजीशी बोलणं तुमच्यावर सोपवतो. हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर हात धरा: गेम चालू असताना जोरात गरम हवा लागायला हवी. केस तापलाय पण हवा जेमतेमच लागतेय, तर आत धूळ अडकली आहे.

३६०वाल्यांनी विटेएवढ्या ॲडॉप्टरकडेही बघावं. त्यालाही आत पंखा असतो, तोही गुदमरतो. त्यावर हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे ॲडॉप्टरच गेलाय. अमेरिकेहून कुणी आणून दिलेला ३६० असेल तर ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. तिकडचा ११० व्होल्टच्या आसपासचा असतो; आपल्या २३० व्होल्टवर तो उडतो.

धूळ आणि झुरळं

आजूबाजूला इमारतीचं नाहीतर मेट्रोचं काम चालू असेल तर कन्सोल वर्षातून दोनदा तरी साफ करावा लागतो. प्लग काढून गॅलरीत न्या, तोंडाला रुमाल बांधा. दाबलेल्या हवेचा डबा किंवा एसीवाले वापरतात तसला ब्लोअर चालतो. डबा उभाच धरा. तिरका धरला की आतला द्रव बाहेर उडतो. हवा मारताना पंख्याचं पातं दात कोरायच्या काडीने अडवून धरा, नाहीतर पंखा भन्नाट वेगाने फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी आत जाते.

झुरळांचा विषय सभ्य लेखांत टाळतात, पण मुंबईत तो टाळून चालायचं नाही. उबदार, अंधारी, कुणी हात न लावणारी जागा झुरळांना आणखी कुठे मिळणार? वीजपुरवठ्याचा डबा आतच असलेल्या पीएस-४मध्ये ती खुशाल संसार थाटतात आणि त्यांच्या घाणीने शॉर्ट सर्किट होऊ शकतं. जाळीतून आत स्प्रे अजिबात मारू नका, तो पेट घेऊ शकतो. झुरळं मारायच्या खडूची पूडही नको, पंखा ती आत ओढून घेतो. टीव्ही युनिटच्या मागे झुरळांच्या जेलचे ठिपके लावा आणि कन्सोल उघडून साफ करा.

उघडायचाच असेल तर

वॉरंटी चालू असेल तर इथेच थांबा, सर्व्हिस सेंटरला न्या. संपली असेल तर पुढे वाचा.

पीएस-५ला आतून हात लावू नका. त्याच्या चिपवर, उष्णता पुढे नेणाऱ्या साध्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. त्यातून वीज वाहते आणि चुकीच्या जागी सांडला तर बोर्ड गेला. बाजूचं पांढरं झाकण मात्र हाताने सरकवून निघतं. त्याखाली धूळ साठायलाच केलेली दोन भोकं आहेत, ती व्हॅक्यूमने साफ करा. तेवढं पुरे.

पीएस-४ला मध्ये खिळा असलेल्या टॉर्क्स (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेच्या) स्क्रूसाठी टी-८ सिक्युरिटी बिट लागतं. ३६०ला टी-८ आणि टी-१०. दोन्ही मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून निघाले त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा. वीजपुरवठ्याचा डबा बाहेर काढलात तरी तो स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

पीएस-४मध्ये हा डबा उचलला की हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पट्ट्या दिसतात. धुळीचा खरा गालिचा इथे पसरलेला असतो आणि बऱ्याच मशीनचा आजार तो काढताच बरा होतो. गरजेपेक्षा खोल जाऊ नका. धूळ काढून, जोडून, तासभर गेम चालवून बघा. तरीही तापतोय, मग पेस्ट बदला.

चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट काही वर्षांत सुकून खडखडीत होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस किंवा मऊ कापड भिजवून पुसा, ९९ टक्क्यांचं मिळालं तर उत्तम. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट अर्ध्या वाटाण्याएवढी घ्या आणि पातळ थर पसरवा. जास्त लावली तर उलट उष्णता अडते. पेस्टऐवजी टूथपेस्ट लावायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. पेस्टच्या जोडीने रबरासारखे थर्मल पॅडही असतात. फाटले तर त्याच जाडीचे नवे लावा.

३६०मध्ये हीटसिंक घट्ट धरायला बोर्डाच्या मागे इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या असतात. त्या काढून पाच मिलिमीटरचे बोल्ट आणि वॉशर लावायचा घरगुती उपाय खूप गाजला. टॉवेलपेक्षा तो नक्कीच शहाणपणाचा, कारण चिपवर दाब नीट बसतो आणि त्या निमित्ताने पेस्टही बदलली जाते. पण बोल्ट जास्त आवळले तर बोर्डच वाकतो. मुळात मरायला टेकलेल्या चिपला यातून थोडी मुदतवाढ मिळते, एवढंच.

टॉवेल, हेअर ड्रायर, ओव्हन

आता तो टॉवेल. चिप बोर्डाला जोडणारा वितळवलेला धातू म्हणजे सोल्डर. युरोपात २००६पासून शिशाच्या वापरावर निर्बंध आले आणि कारखाने शिसेविरहित सोल्डरकडे वळले. जुनं शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, नवं साधारण २१७ अंशांना. टॉवेलात गुंडाळलेला कन्सोल त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, पोहोचला तर प्लास्टिक आधी जाईल. म्हणजे टॉवेलने सोल्डर पुन्हा बसतं ही समजूत चुकीची. गरम झाल्यावर सगळं प्रसरण पावतं, तडा गेलेली जोडणी तात्पुरती चिकटते आणि गार झाली की पुन्हा सुटते.

शिवाय ३६०चा तडा बहुधा बोर्डावरच्या सोल्डरमध्ये नव्हताच. ग्राफिक्स चिपच्या आवरणाच्या आत, सिलिकॉनच्या खाली सूक्ष्म जोडण्या असतात; तापणं-गार होणं पुन्हा पुन्हा होऊन त्या तुटत होत्या. त्यात या चिपचा हीटसिंक डीव्हीडी ड्राइव्हखाली दडपलेला, म्हणून बुटका. मायक्रोसॉफ्टने २००७मध्ये या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त खर्च धरला. एवढ्या पैशांचं दुखणं टॉवेलने बरं होत असतं तर त्यांनी घरोघरी टॉवेल पाठवले असते.

हेअर ड्रायरची तीच गत. हीट गनने कॅपॅसिटर फुगतात. आणि जेवणाच्या ओव्हनमध्ये बोर्ड भाजणाऱ्यांनी त्या ओव्हनमध्ये पुन्हा केक करू नये. लाकडी युनिटमध्ये गुंडाळून चालू ठेवलेलं मशीन पेटलं तर चाळीत किंवा टॉवरमध्ये शेजाऱ्यांचंही घर जाईल.

मरणासन्न कन्सोल आपणहून एकदा चालू झालाच तर गेम खेळू नका, लगेच सेव्ह केलेला डेटा यूएसबीवर घ्या. पीएस-३ आणि पीएस-४ची हार्ड डिस्क त्या-त्या मशीनशी बांधलेली असते. बोर्ड गेला की ती दुसरीकडे लावून काही वाचता येत नाही.

लॅमिंग्टन रोडवर काय विचाराल

ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत जा. दुकानदाराला थेट विचारा: चिप नुसती गरम करून देणार, खालचे सोल्डरचे गोळे बदलणार, की चिपच बदलणार? "बस, थोडा गरम करके देता हूँ" हे उत्तर आलं तर तो टॉवेलच आहे, जरा महागातला. पीएस-३साठी बोर्डावरचे पसरट कॅपॅसिटर तपासायला सांगा. पिवळ्या दिव्यामागे कधीकधी चिप नसून तेच असतात, आणि ते बदलणं चिपपेक्षा सोपं.

दुरुस्तीपेक्षा जुना ३६० घेणंच परवडणार असेल तर पैसे द्यायच्या आधी मशीन उलटं करून मागचं लेबल वाचा. १६.५ अँपिअर लिहिलेले सुरुवातीचे जाड ३६० टाळा. १४.२ थोडे बरे. १२.१ अँपिअरवाला किंवा २०१०नंतरचा स्लिम मिळाला तर तो घ्या, पण दुकानातच अर्धा तास गेम चालवून, जाळीसमोर हात धरून बघितल्यावरच.