एकाच देणगीदारावर संस्था चालते? उत्पन्नाच्या वाटा अशा वाढवा

निधी आटायला लागला की सल्ला ठरलेला असतो: "एखादी मोठी कंपनी धरा." धरा हो, पण कंपनीचं धोरण बदललं की एप्रिलच्या पगाराचं काय, हे सल्ला देणारा सांगत नाही. सोलापुरात छोट्या सामाजिक संस्थांचे हिशेब बघता बघता माझं मत पक्कं झालंय. कंपनी शेवटी, आधी गावातला पैसा.

नोंदणी, ऑडिट, १२ए (संस्थेला करसवलत देणारी आयकर नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी) जागेवर आहेत असं धरतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू झालाय, कलमांचे आकडे बदललेत. सीएकडून एकदा तपासून घ्या.

आधी आरसा बघा. मागच्या तीन वर्षांची ऑडिट काढा आणि कुणाकडून किती आले ते एका कागदावर लिहा. एकाच नावापुढे निम्म्याहून जास्त रक्कम असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

महिन्याचे देणगीदार जोडा. वर्षातून एकदा पाच हजार देणाऱ्यापेक्षा दरमहा दोनशे देणारा जास्त उपयोगाचा, कारण त्याच्या भरवशावर पगार ठरवता येतो. नवी पेठेतले दुकानदार, टॉवेल-चादरीचे कारखानदार, नोकरीसाठी पुण्याला गेलेले सोलापूरकर यांच्यापासून सुरुवात करा. बँकेतून आपोआप वळती होणारी रक्कमच मागा, दर महिन्याला फोन करून कुणी देत नाही. रोख दोन हजारांच्या वर गेलं की देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर तो पुन्हा दारात उभा करत नाही. पॅन त्याच वेळी लिहून घ्या.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल गैरसमज फार. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशातून बँकेमार्फत आपली कमाई पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यानं पाठवलेली ठरते, आणि त्यासाठी एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. तेव्हा आधी पासपोर्ट विचारा, मग खाते क्रमांक द्या.

स्वतःची विक्री. इथं बहुतेकांचा दम निघतो. आमचाही निघाला होता.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांसाठी दुसरं काम उभं करायचं, म्हणून संस्था कडक भाकरी आणि शेंगाचटणी सुरू करते. माल उत्तम असतो. मग कुणीतरी म्हणतं, "आपण काही धंदा करत नाही, किंमत कमी ठेवू." या वाक्याला बैठकीतच आडवं व्हा.

नुसते समजुतीचे आकडे घ्या. एका पाकिटाला ज्वारी, दळण, गॅस आणि प्लॅस्टिक मिळून २२ रुपये, भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी १८. झाले ४०. पाकीट ४५ ला विकलं की पाच रुपये सुटतात, असं सगळ्यांना वाटतं. पण कडक भाकरी मोडते. शंभरातली आठ पाकिटं चुऱ्यात गेली, तर उरलेल्यांचा खर्च साडेत्रेचाळीसवर जातो. दुकानदार पंधरा टक्के कापतो, म्हणजे तुमच्या हाती सव्वाअडतीस. प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये तुम्ही घालताय, आणि रिक्षाभाडं, देखरेख करणाऱ्या ताईंचा पगार अजून धरलेलाच नाही. साठ रुपये किंमत ठेवली तर एक्कावन्न हातात येतात आणि साडेसात उरतात. भाडं आणि पगार त्यातूनच भागवायचे. तेवढ्यात बसत नसेल, तर किंमत वाढवा किंवा तो माल सोडून द्या.

मजुरी कापून हिशेब जुळवायचा मोह होतो. तो आवरा, ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं त्यांच्याच पोटावर पाय येतो.

उधारी दुसरी डोकेदुखी. "संपल्यावर देतो" म्हणणाऱ्या दुकानात दुसरी खेप ठेवू नका. आधीचे पैसे, मग पाकिटं. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा यात्रा भरते, तिथं माल धडाधड खपतो. पण ती विक्री पाहून वर्षाचा अंदाज बांधू नका. फेब्रुवारीचा धंदा बघा आणि मग ठरवा.

विक्रीची वही, बिलबुक आणि शक्यतो बँक खातंही वेगळं ठेवा. व्यवसाय संस्थेच्या उद्देशाशी जोडलेला आणि हिशेब स्वतंत्र, या दोन्ही गोष्टी आयकर खातं बघतं. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय सेवा हे उद्देश असतील तर तेवढ्यावर भागतं. मात्र तुमचं काम 'सर्वसाधारण लोकोपयोगी' या खान्यात मोडत असेल, तर अशा विक्रीची रक्कम एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. करसवलतच धोक्यात येते. आणि प्रकल्पासाठी आलेला पैसा "परत टाकू" म्हणून ज्वारी भरायला कधीच वापरायचा नाही. त्यासाठी वेगळं भांडवल लागतं, ते नसेल तर सुरुवात दहा किलोनं करा.

शुल्क घ्या. शिवणवर्ग असो वा संगणकवर्ग, थोडी फी लावा. परवडत नाही त्यांना माफ करा, पण कुणाला माफ केली ते रजिस्टरला लिहा.

आता कंपनी. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात (यालाच सीएसआर म्हणतात), आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. म्हणून मुंबईला फेऱ्या मारण्याआधी चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत चौकशी करा. हा निधी घेण्यासाठी संस्थेनं नोंदणीचा सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला नसेल तर बोलणं पुढं सरकत नाही. प्रस्तावात लेखापालाचा पगार आणि कार्यालयाचं भाडं लाजत न बसता लिहा. हे खर्च गाळून मंजूर झालेला प्रकल्प महिन्याच्या देणगीदारांचे पैसे खातो.

सोशल स्टॉक एक्स्चेंजचं, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता येतो त्या शेअर बाजारातल्या विभागाचं, नाव हल्ली प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. वर्षाला दहा-पंधरा लाखांत चालणाऱ्या संस्थेनं त्याच्या नादी लागू नये. तो वेळ उधारी वसूल करण्यात घालवा.