उंच सेंटरने अंगबळ कसे कमवावे आणि कुठे वापरावे

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून 3.05 मीटर उंच असते, त्यामुळे सात फुटी सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, उंचीचा मोठा लाभ मिळतो. मात्र रिंगजवळची जागा राखता आली तरच तो पदरात पडतो. प्रतिस्पर्ध्याने रेटून मीटर-दीड मीटर मागे नेले, की सोपा डंक (चेंडू वरून थेट रिंगमध्ये घालणे) अवघड हुक शॉट (एका हाताने डोक्यावरून टाकलेला चेंडू) होऊन बसतो. एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये 2.31 मीटर उंचीच्या, पण अतिशय सडपातळ मनूट बोलने 1985-86 च्या हंगामात 397 ब्लॉक केले, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी रिंगकडे टाकलेले चेंडू अडवले, तरी त्याचे रिबाउंड (नेम चुकून परतलेला चेंडू पकडणे) सामन्यामागे सरासरी सहाच्या आसपासच राहिले. बेन वॉलेस त्याच्यापेक्षा सुमारे पाव मीटरने बुटका, पण अंगाने भक्कम. 2001-02 आणि 2002-03 या दोन्ही हंगामांत रिबाउंडच्या सरासरीत तोच लीगमध्ये पहिला होता.

सरावाची आखणी करताना प्रथम पाय, नितंब आणि कंबर यांचा विचार करावा, कारण उंच खेळाडूचा गुरुत्वमध्य मुळातच वर असतो आणि तो ताठ उभा राहिला तर बुटका प्रतिस्पर्धी त्याला सहज हलवतो. गुडघे व नितंब वाकवून खाली बसण्याची आणि त्या स्थितीत रेटा सोसण्याची ताकद हाच खरा पाया आहे. छाती आणि दंड फुगवण्यात अनेक तरुण सेंटर जो वेळ घालवतात, त्यातील बराचसा वाया जातो असे माझे मत आहे. लांब मांड्यांमुळे पाठीवर बार घेऊन पूर्ण खाली बसणारा स्क्वॉट अनेकांना जड जातो, म्हणून ट्रॅप बार डेडलिफ्ट (षटकोनी बारच्या आत उभे राहून वजन जमिनीवरून उचलणे), बॉक्स स्क्वॉट (मागच्या खोक्यावर टेकेपर्यंत बसून उठणे) आणि एकेका पायावर भार घेणारा स्प्लिट स्क्वॉट यांवर भर द्यावा. तंत्र पक्के झाल्यावर प्रत्येक व्यायामाचे तीन ते पाच सेट, सेटमागे चार ते सहा आवर्तने, असे आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेसे असते. सामन्यांच्या हंगामात बारवरचे वजन फारसे न उतरवता सेट कमी करावेत. पाठीसाठी रोइंग (वजन अंगाकडे ओढणे) आणि धड वळू न देता ताण सोसण्याचे व्यायाम सोबत ठेवावेत.

जिममधली ताकद मैदानावर आपोआप उतरत नाही. त्यासाठी जोडीदाराने पाठीमागून पाच-सहा सेकंद सतत रेटावे आणि सेंटरने रुंद पवित्रा घेऊन एकही पाऊल न हलवता चेंडू मागावा, हा सराव नियमित करावा. बॉक्स-आउट करताना, म्हणजे रिबाउंडसाठी प्रतिस्पर्ध्याला मागे अडवून धरताना, चेंडूकडे पाहण्याआधी प्रतिस्पर्ध्याला अंग लावावे, नितंब खाली नेऊन त्याला पाठीवर घ्यावे आणि मगच उडी मारावी. हात लांबवून ढकलल्यास फाउल होतो, तेव्हा बळ पायांतूनच यायला हवे. शिवाय आक्रमणात पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीत, सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणून पहिल्याच धक्क्यात जागा बळकावणे, पंच गणती पूर्ण करण्याआधी चेंडू मिळवणे आणि नाहीतर बाहेर पडून पुन्हा शिरणे, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे.

वजनाबाबत घाई करू नये. शकील ओ'नील 2.16 मीटर उंच आणि सुमारे 147 किलो वजनाचा होता, आणि 2000 ते 2002 अशी सलग तीन वर्षे अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण ती चपळाई त्या वजनात फार थोड्यांना लाभते. 2.29 मीटर उंचीच्या याओ मिंगला पायाच्या वारंवार झालेल्या फ्रॅक्चरमुळे 2011 मध्ये निवृत्त व्हावे लागले, इतका ताण उंच शरीराच्या पायांवर येतो. म्हणून आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ पुरेशी मानावी, दर महिन्याला उभ्या उडीची उंची आणि आडव्या धावेची वेळ मोजावी, आणि उडी घटू लागली तर वजन वाढवणे तिथेच थांबवावे. आजच्या खेळात पिक-अँड-रोल (साथीदाराने बचावपटूची वाट अडवून मग रिंगकडे धावण्याची चाल) अडवण्यासाठी सेंटरला रिंगपासून दूरच्या थ्री-पॉइंट रेषेपर्यंत यावे लागते, तेव्हा पावले जड झालेला बलदंड सेंटर संघाला महाग पडतो.

प्रगती पाहण्यासाठी बारवरच्या आकड्यांपेक्षा सराव सामन्यातील एक नोंद अधिक उपयोगी पडते: सेंटरने पोस्टमध्ये (रिंगजवळ, तिच्याकडे पाठ करून उभे राहण्याच्या जागी) चेंडू मागितला तेव्हा तो हवा त्या जागी मिळाला, की त्याला बाहेर सरकून घ्यावा लागला. ही नोंद पहिल्या आणि शेवटच्या क्वार्टरसाठी वेगळी ठेवावी. शेवटी जागा सुटू लागली असेल, तर आणखी जड वजन उचलण्याऐवजी दमलेल्या पायांनी रेटा सोसण्याचा सराव वाढवावा.