लेड झेपलिन ऐकायचंय? आधी रेडिओवरचं ऐका

नवीन कुणी विचारलं की मी लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे स्टुडिओ अल्बम सुचवतच नाही. ‘बीबीसी सेशन्स’ लावा म्हणतो. १९६९ आणि १९७१ ची ही रेडिओसाठीची रेकॉर्डिंग्ज अधिकृतपणे १९९७ साली आली.

सुरुवात ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’पासून करा. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, पण पहिल्या डिस्कवर ते तीनदा आहे. तिन्ही लागोपाठ ऐका आणि दर वेळी फक्त गिटारवादक जिमी पेजच्या सोलोकडे, म्हणजे त्याच्या एकट्याच्या वादनाकडे, कान द्या. बँड तोच, गाणं तेच, तरी एक सोलो दुसऱ्यासारखा नाही. मला हा बँड कळला तो इथेच.

मग १ एप्रिल १९७१ ची, लंडनच्या पॅरिस थिएटरमधली मैफल. ‘स्टेअरवे टू हेवन’ असलेला अल्बम यायला अजून सात महिने होते, म्हणजे समोरच्या श्रोत्यांनी ते रेकॉर्डवर ऐकलेलंच नव्हतं. तुम्हीही पहिल्यांदाच ऐकताय असं समजून ऐका, फार वेगळं वाटतं. याच रात्रीचं ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मात्र घाईत लावू नका. स्टुडिओत साडेसहा मिनिटांचं गाणं इथे अठरा मिनिटांच्या वर जातं. पेज व्हायोलिनचा गज गिटारवर फिरवतो तो भाग अंधारात, हेडफोन लावून ऐकावा. मोबाइलच्या स्पीकरवर जॉन पॉल जोन्सचा बास पार हरवतो आणि बोनमचे ड्रम्स पत्र्यासारखे वाजतात.

एवढं पचलं की २०१६ ची ‘कम्प्लीट’ आवृत्ती घ्या, तीत आणखी रेकॉर्डिंग्ज आहेत. स्टुडिओ अल्बम त्यानंतर, पहिल्यापासून क्रमाने.