उपमेन्यू असलेली नावं सजवण्याआधी

रंग, सावली, बाण हे सगळं नंतर. आधी एका कागदावर वेबसाइटचा पूर्ण मेन्यू लिहून काढा आणि ज्या नावाखाली उपमेन्यू आहे त्यावर खूण करा. बेळगावातल्या एखाद्या क्रेडिट सोसायटीची वेबसाइट धरा: मुखपृष्ठ, ठेवी, कर्जे, शाखा, संपर्क. ठेवींखाली मुदत ठेव, आवर्ती ठेव, पिग्मी (एजंट रोज गोळा करतो ती छोटी ठेव). शाखांखाली शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, चिक्कोडी. खूण केलेल्या प्रत्येक नावापाशी थांबून विचारा, यावर बोट ठेवलं की स्वतंत्र पान उघडणार की फक्त खालची यादी? ‘ठेवी’चं स्वतःचं पान असेल तर ती लिंक राहू द्या आणि शेजारी बाणाचं वेगळं बटण ठेवा. पान नसेल तर नावालाच बटण करा, कुठेही न नेणारी नुसती हॅशची (#) लिंक नको. हे ठरलं नाही तर सीएसएस, म्हणजे सजावटीचे नियम, दोनदा लिहावं लागतं, म्हणून संचालकांकडून आधीच लेखी घ्या.

मग सजावट कशावर बसवायची ते पाहा. वर्डप्रेसच्या क्लासिक मेन्यूत अशा घटकाला ‘मेन्यू-आयटम-हॅज-चिल्ड्रन’ (menu-item-has-children) हा क्लास, म्हणजे सजावटीसाठीचं ओळखनाव, आपोआप मिळतो. हाताने लिहिलेल्या पानात ‘हॅज’ (:has) सिलेक्टर, म्हणजे नियम कोणत्या घटकाला लागेल ते सांगणारा भाग, चालतो, पण क्रोम आणि सफारीत तो २०२२ मध्ये आला आणि फायरफॉक्समध्ये २०२३ च्या डिसेंबरात. सभासदांच्या हातात जुने फोन असणारच, तेव्हा सरळ आपला क्लास लिहून द्या.

बाण लावताना एक गोष्ट हमखास निसटते. क्लासनंतर नुसती जागा सोडून लिंकचा सिलेक्टर लिहिला, तर ‘ठेवी’पुढे बाण येतोच, शिवाय आतल्या ‘पिग्मी’पुढेही येतो. पिग्मीखाली तर काहीच नाही! मध्ये ‘ग्रेटर दॅन’ (>) चिन्ह घाला, म्हणजे नियम थेट अपत्यापुरता राहतो. बाण अक्षर म्हणून टाकू नका, कारण काही स्क्रीन रीडर (अंधांना पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर) तो वाचून दाखवतात आणि प्रत्येक फॉन्टमध्ये तो वेगळा दिसतो. बॉर्डरने किंवा एसव्हीजी चित्राने काढा. तो उलटा फिरवण्याचा नियम बटणाच्या ‘एरिया-एक्सपांडेड’वर (aria-expanded, यादी उघडी की मिटलेली ते स्क्रीन रीडरला सांगणारी खूण) बसवा. मग डोळ्याला दिसणारं आणि कानाला ऐकू येणारं एकच राहतं.

आता लिपी. आपल्याकडे मेन्यू मराठी, कन्नड आणि इंग्रजी असा तिन्हीत लागतो, आणि बाजारात मिळणाऱ्या तयार थीम बहुतेक इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. ‘आवर्ती’ हा शब्द लिहून बघा: रफार आणि वेलांटी दोन्ही डोक्यावर. ‘शहापूर’चा दीर्घ ऊकार पायाशी. कन्नडमध्ये चिक्कोडी लिहिलं की जोडाक्षरातला दुसरा ‘क’ ओळीखाली उतरतो. ओळीची उंची १.२ ठेवली आणि पट्टीला ठरावीक उंची दिली, तर हे वरखाली कापलं जातं. १.६ पासून सुरुवात करा आणि उंची पॅडिंगवर (आतल्या मोकळ्या जागेवर) सोडा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते. मला तो तुटलेला मराठी शब्द बघवत नाही. इंग्रजी थीममधलं ‘अपरकेस’ (सगळी अक्षरं कॅपिटल) देवनागरीत काहीच करत नाही. त्यामुळे मुख्य नाव आणि उपमेन्यू यांतला फरक अक्षरांच्या जाडीने किंवा रंगाने दाखवायचा. प्रत्येक भाषेच्या पानाला भाषा सांगणारं लँग अॅट्रिब्यूट बरोबर लावा, मराठीला ‘एमआर’ (mr), कन्नडला ‘केएन’ (kn).

उपमेन्यूची रुंदी पिक्सेलमध्ये बांधू नका, ‘मॅक्स-कंटेंट’ द्या, म्हणजे ती सर्वात लांब नावाएवढी होते. उजवीकडचं शेवटचं नाव स्क्रीनबाहेर सांडतंय का, तेवढं तपासा. हेडरला ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर सांडलेलं लपवा) असेल तर यादी उघडूनही दिसणार नाही.

माउसने उघडणाऱ्या यादीत आणि मूळ नावात मार्जिनची (बाहेरच्या अंतराची) फट नको. माउस त्या फटीत गेला की यादी मिटते, त्यामुळे ते अंतर पॅडिंगने भरा. टचस्क्रीनवर होव्हरचा (नुसता माउस वर नेऊन उघडण्याचा) भरवसा नाही, तिथे बटणच कामाला येतं. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांप्रमाणे स्पर्शाची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल हवी, मी ४४ देते. कीबोर्डवर टॅबने पोहोचता यावं, एस्केपने मिटावं, आणि फोकसची चौकट (कीबोर्डने आपण कुठे आहोत ते दाखवणारी) कोणीही ‘आउटलाइन नन’ लिहून पुसू नये.

रंग शेवटी. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उठावाचं (कॉन्ट्रास्टचं) प्रमाण किमान ४.५ ला १ ठेवा. पिग्मी एजंट खडेबाजारात भर उन्हात फोन काढतो, तिथे करड्यावर फिकट करडं दिसत नाही. त्याच्याच हातात फोन द्या आणि निपाणी शाखेचं पान काढायला सांगा. मध्ये काही सांगू नका. बोट ‘शाखा’ या शब्दावर जातं की बाणावर, तेवढं बघा. शब्दावर जात असेल आणि यादी उघडत नसेल, तर पहिल्या कागदावरचा लिंक-बटणाचा निर्णय संचालकांपुढे पुन्हा मांडा.