नमुना पाहणीची तयारी: रिकाम्या तक्त्यांपासून अंतिम भारांकांपर्यंत

नमुना पाहणी हाती घेतली की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा प्रश्नावली लिहायला घेतली जाते. त्याऐवजी अहवालात शेवटी कोणते तक्ते येणार आहेत ते रिकाम्या रकान्यांसह आधी आखावेत, आणि प्रत्येक तक्त्याखाली तो आकडा कोणत्या समष्टीचा (ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सर्वांच्या गटाचा) आहे, कोणत्या कालखंडाचा आहे आणि त्यात किती चूक खपवून घेता येईल हे लिहून ठेवावे. कुटुंब म्हणजे एकत्र जेवणारी माणसे की एका छपराखाली राहणारी माणसे, बाहेरगावी कामाला असलेला सदस्य धरायचा की नाही, हे प्रश्न तक्ते आखतानाच समोर येतात आणि तेव्हाच सोडवणे स्वस्त पडते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच तक्त्यात जाणार नाही, तो प्रश्न कितीही मनोरंजक असला तरी काढून टाकावा.

त्यानंतर नमुना चौकट, म्हणजे ज्या यादीतून निवड होणार ती यादी, तपासावी. यादीत सुटलेली नावे, दोनदा आलेली नावे आणि आता अस्तित्वात नसलेली नावे हे तीन वेगवेगळे दोष आहेत. दोनदा आलेल्या नावाची निवड होण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, ती भारांकात, म्हणजे एक उत्तर समष्टीतल्या किती जणांच्या वतीने मोजायचे त्या आकड्यात, सुधारता येते. मृत नोंदींमुळे नमुना लहान होतो, तो आधीच थोडा वाढवून घेता येतो. मात्र सुटलेल्या नावांची भरपाई विश्लेषणात पूर्णपणे कधीच होत नाही. म्हणून यादीतली नावे प्रत्यक्षात सापडतात का एवढेच पाहून थांबू नये, तर प्रत्यक्ष जागेवरची काही घरे वा आस्थापना उचलून ती यादीत आहेत का, अशी उलटी पडताळणीही करावी. यादीच उपलब्ध नसेल तर नकाशावर स्पष्ट सीमा असलेले विभाग पाडावेत आणि निवडलेल्या विभागांत घरयादी करण्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळे मनुष्यबळ राखून ठेवावे.

नमुन्याचा आकार ठरवताना आकडेमोड कागदावर, गृहीतकांसह लिहावी. एखादे प्रमाण 95 टक्के विश्वास पातळीवर 5 टक्के बिंदूंच्या आत अजमावायचे असेल आणि ते प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपास धरले, तर साध्या यादृच्छिक निवडीत (चिठ्ठ्या टाकल्यासारखी सर्वांना सारखी संधी देणाऱ्या निवडीत) 385 उत्तरे लागतात. मर्यादा 3 टक्के बिंदूंवर आणली तर 1,068. समष्टी फार लहान नसेल तर तिच्या आकाराने या संख्येत विशेष फरक पडत नाही, ही गोष्ट वरिष्ठांना समजावून सांगण्याची तयारीही ठेवावी. परंतु प्रत्यक्षात निवड बहुधा समूहांतून, म्हणजे गाव किंवा वस्तीसारख्या गटांतून, होते आणि एकाच समूहातले लोक एकमेकांसारखे असतात. प्रत्येक समूहातून 20 उत्तरे मिळणार असतील आणि समूहांतर्गत सहसंबंध (एका समूहातली उत्तरे एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत याचे माप) 0.05 असेल, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे अशा निवडीमुळे नमुना किती पट वाढवावा लागतो तो आकडा, 1 अधिक 19 गुणिले 0.05, म्हणजे 1.95 येतो आणि 385 ची गरज 751 होते. प्रतिसाद 80 टक्के धरला तर 939 कुटुंबांपर्यंत जावे लागते. नमुना वाढवल्याने उत्तरांची संख्या पुरी होते, पण उत्तर न देणारे लोक देणाऱ्यांपेक्षा वेगळे असतील तर तो कल तसाच राहतो. म्हणून शेवटच्या टप्प्यातला काही खर्च नमुना फुगवण्याऐवजी पुन्हा पुन्हा भेटी देण्यावर करणे अधिक शहाणपणाचे. हे सर्व गणित एका आकड्यासाठी आहे. तक्त्यांत चार प्रदेशांचे स्वतंत्र आकडे तेवढ्याच अचूकतेने हवे असतील तर गरजही जवळपास चौपट होते, आणि बहुतेक अंदाजपत्रके येथेच कोलमडतात.

स्तर, म्हणजे निवडीपूर्वीच समष्टीचे केलेले वेगवेगळे गट, पाडताना पाहणीच्या विषयाशी संबंध असलेली आणि चौकटीत आधीपासून नोंदलेली माहितीच वापरावी. स्तराचा आकार आणि त्यातील प्रमाण विचलन (मूल्ये सरासरीभोवती किती विखुरली आहेत याचे माप) यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात नमुना वाटण्याचे सूत्र संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांच्या 1934 च्या निबंधामुळे प्रसिद्ध झाले. रशियन संख्याशास्त्रज्ञ चुप्रोव यांनी ते 1923 मध्येच मांडले होते. एकाच विषयाच्या पाहणीत ते उत्तम चालते. मात्र प्रश्नावलीत पाच-सहा विषय असतील तर एकासाठी इष्टतम असलेले वाटप दुसऱ्याला मारक ठरते, आणि तेव्हा आकाराच्या प्रमाणात वाटप करून लहान स्तरांना किमान संख्या देणे बरे. कोणतेही वाटप असले तरी प्रत्येक स्तरात निदान दोन प्राथमिक एकके (पहिल्या टप्प्यात निवडले जाणारे समूह) यावीत, कारण एकाच एककावरून त्या स्तरातील प्रचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, काढता येत नाही.

समूहांची निवड आकाराच्या प्रमाणात करायची असेल, तर ती एका उदाहरणावर हाताने करून पाहावी. समजा एकूण 50,000 कुटुंबांतून 40 समूह आणि प्रत्येकी 25 कुटुंबे घ्यायची आहेत. यादीत 300 कुटुंबे असलेल्या समूहाची निवड होण्याची संभाव्यता 40 गुणिले 300 भागिले 50,000, म्हणजे 0.24, आत गेल्यावर 300 पैकी 25, म्हणजे बारात एक. दोन्हींचा गुणाकार 0.02 आणि प्रत्येक कुटुंबाचा भारांक 50. आता घरयादी करताना तिथे 300 ऐवजी 420 कुटुंबे निघाली तर काय करायचे, हे पथक निघण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे. पथकाने 25 च कुटुंबे घेतली तर भारांक 70 होतो. दर बारावे कुटुंब घेण्याचे ठरले तर 35 कुटुंबे होतात आणि भारांक 50 वरच राहतो. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. अडचण येते ती पथकाने 25 कुटुंबे घेतली आणि 420 हा आकडा कुठेच नोंदवला नाही तर, कारण तो नसेल तर योग्य भारांक काढण्याचा कोणताही सांख्यिकी उपाय उरत नाही. म्हणून स्तर क्रमांक, समूह क्रमांक, चौकटीतील आकार, घरयादीतील आकार, यादृच्छिक प्रारंभ (ज्या क्रमांकापासून मोजत निवड सुरू केली तो) आणि प्रत्येक टप्प्याची संभाव्यता यांचे रकाने प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर छापलेले असावेत.

कुटुंबातून एकच व्यक्ती निवडायची असल्यास ती कशी निवडायची याचा तक्ता प्रगणकाच्या, म्हणजे घरोघरी माहिती घेणाऱ्याच्या, हाती असावा आणि पात्र व्यक्तींची संख्या लिहून घेतली जावी. चार पात्र व्यक्तींपैकी एक निवडली असेल तर तिचा भारांक चौपट होतो. घर बंद असल्यास शेजारचे घर घेण्याची मुभा देऊ नये, कारण दिवसा घरी असणारी माणसे तेवढ्यानेच नमुन्यात वाढतात. नकार, घर बंद, घर रिकामे आणि पत्ता सापडला नाही यांचे संकेतांक वेगवेगळे ठेवावेत; रिकामे घर प्रतिसाद दराच्या छेदात धरायचे नसते.

प्रश्नावलीची चाचणी मूळ नमुन्याबाहेरच्या लोकांवर घ्यावी आणि त्या वेळी प्रश्न वाचायला किती वेळ लागतो यापेक्षा उत्तर देणारा कुठे अडखळतो याकडे लक्ष द्यावे. मोजमापाच्या पद्धतीतला दोष नमुना वाढवून जात नाही. 1940 च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी दाखवले की पीक-उत्पादन अजमावण्यासाठी फार लहान तुकडे कापले तर उत्पादन वाढून दिसते, कारण कडेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि लहान तुकड्यात कडेचा वाटा मोठा असतो. पथकापथकांतला फरक ओळखण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पाहण्यांत वापरलेली युक्ती आजही उपयोगी आहे: त्याच क्षेत्रातून त्याच पद्धतीने दोन स्वतंत्र उपनमुने काढावेत, ते वेगळ्या पथकांना द्यावेत आणि दोन्ही अंदाज शेजारी ठेवून पाहावेत.

भारांकांचे टप्पे आधीच लिहून ठेवावेत. पहिला मूळ भारांक, म्हणजे निवड संभाव्यतेचा व्यस्त. दुसरी सुधारणा प्रतिसाद न मिळाल्याबद्दल, जी स्तर किंवा समूहगट पाहून करावी. तिसरी वय, लिंग, प्रदेश यांसारख्या विश्वासार्ह बाह्य बेरजांशी जुळवणी. प्रत्येक टप्प्यानंतर भारांकांची बेरीज, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा भारांक पाहावा. काही भारांक फार मोठे असतील तर त्यांना कमाल मर्यादा घालता येते, पण ती मर्यादा निकाल पाहून ठरवू नये.

विश्लेषणासाठी वापरायच्या संगणकप्रणालीला, मग ती आर या संगणकभाषेतील सर्व्हे पॅकेज असो वा स्टाटा, भारांकांबरोबर स्तर आणि प्राथमिक एककेही सांगावी लागतात. नुसते भारांक दिले तर टक्केवारी बरोबर येते आणि प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाजात येणाऱ्या चुकीचे माप) बहुधा खोटी, लहान येते. चूक डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती अधिक धोकादायक. फक्त स्त्रियांचा किंवा एखाद्या वयोगटाचा आकडा काढताना बाकीच्या नोंदी फाइलमधून काढून टाकू नयेत, उपगट म्हणून निर्देश करावा. अन्यथा काही समूह पूर्णपणे गळून प्रचरणाचा हिशेब बिघडतो. मुक्ततेच्या मात्रा, म्हणजे प्रचरण अजमावायला हाती असलेल्या स्वतंत्र माहितीची संख्या, सर्वसाधारणपणे प्राथमिक एककांच्या संख्येतून स्तरांची संख्या वजा करून मिळतात, त्यामुळे हजार उत्तरे असली तरी 40 समूह आणि 10 स्तर असतील तर हाती 30 च उरतात.

पथके रवाना होण्यापूर्वी बनावट उत्तरांची एक छोटी फाइल तयार करून ती भारांकांपासून प्रमाण त्रुटींपर्यंत पूर्ण चालवून पाहावी आणि सुरुवातीला आखलेले रिकामे तक्ते तिच्यातून भरावेत. जो तक्ता भरता येत नाही, त्याला लागणारा रकाना प्रश्नावलीत त्याच वेळी वाढवावा आणि मगच ती छपाईला द्यावी.