जुन्या वस्तू ऑनलाइन विकताना ठिकाणाची निवड

जुनी वस्तू ऑनलाइन कोठे विकावी, हे वस्तू पाहून ठरवावे. लाकडी कपाट, वॉशिंग मशीन अशा अवजड सामानासाठी ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेस सोयीचे पडते, कारण तेथे जवळपासचा ग्राहक स्वतः येऊन वस्तू पाहतो, घासाघीस करतो आणि टेम्पोची व्यवस्थाही बहुधा तोच करतो. मोबाइलसाठी मात्र कॅशिफायसारखी थेट खरेदी करणारी सेवा मला अधिक निर्धोक वाटते. तेथे किंमत सहसा कमी मिळते, आणि पडद्यावरचे ओरखडे किंवा बॅटरीची अवस्था तपासल्यावर ती आणखी खाली येऊ शकते, परंतु अनोळखी लोकांच्या फोनांचा ससेमिरा टळतो. फोन देण्यापूर्वी त्यातील गूगल किंवा अ‍ॅपल खाते काढून मगच फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोनमधील सर्व माहिती पुसून टाकावी, अन्यथा नव्या मालकाला तो वापरताच येत नाही. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, हे मनात पक्के असू द्यावे. वस्तू न पाहताच पूर्ण किंमत मान्य करून क्यूआर कोड पाठवणारा ग्राहक भेटल्यास व्यवहार तिथेच थांबवावा, आणि पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.